ऐकल्याशिवाय दर्जा नाही

भोईटेमामांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती भांडून परत आले, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पुन्हा गेले. पुढची सहा-सात वर्षं आमचं हेच चाललं. भांडण माझ्याकडून. त्यांच्याकडून फक्त ‘बसा न, बाई’.

दुकान ग्वाल्हेरच्या ‘खासगी बाजार’ नावाच्या पेठेत, एका कापडवाल्याच्या जिन्याखाली. दुकान कसलं, दोन फळ्या, एक चावीचा ग्रामोफोन आणि भिंतीला लावलेल्या खणांतून उभ्या ठेवलेल्या जुन्या रेकॉर्डी. पाटी नाही, भावाचा कागद नाही. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नवी शिक्षिका होते आणि नवीन शिक्षिकेला जी कामं सांगतात ती सगळी मला सांगितली जात. नवरात्रात शाळेत सरस्वतीपूजन असे. हेडबाई म्हणाल्या, जा, वंदनेची एक रेकॉर्ड घेऊन या, नवी महाग पडते, जुनी चालेल. मी टांगा बाहेर उभा करून आत शिरले, म्हटलं, सरस्वतीची एक रेकॉर्ड द्या, लवकर.

फळीवर एक उंच, काटकुळा माणूस ताठ बसला होता. अंगात जुना खाकी कोट. कोटाची पितळी बटणं संस्थानच्या फौजेनं जमा करून घेतलेली, त्या जागी पांढरी साधी बटणं शिवलेली, पण गळ्यापर्यंत एकूण एक लावलेली. आश्विनातल्या ग्वाल्हेरच्या उन्हातसुद्धा! त्यांनी रेकॉर्ड काढली, पाकिटावरचं काहीतरी वाचलं, नवी सुई लावली, चावी दिली आणि लावली. मी म्हटलं, वाजवू नका हो, टांगा उभा आहे. ते म्हणाले, बसा न, बाई, दोन्ही बाजू मिळून सात मिनिटं. मी म्हटलं, सात मिनिटांत टांगेवाला भाडं दुप्पट करेल. त्यांनी मान थोडी कलती केली आणि डोळे मिटले. आता मिटलेल्या डोळ्यांशी कोण भांडणार? मी भांडले. तणतणत तशीच निघून आले.

दुसऱ्या दिवशी इतर दुकानांत हिंडून झाल्यावर परत तिथंच गेले. या वेळी बसले. दुसऱ्या कडव्यात सुई अडकली आणि गाणारी बाई तेच दोन शब्द चार वेळा म्हणाली. मामांनी हलक्या हातानं सुई उचलली. “मुली हसल्या असत्या,” ते म्हणाले, “मग तुम्ही रागावल्या असत्या. पूजेत रागावणं बरं नाही.” आणि दुसरी रेकॉर्ड काढून तीही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. मी कशाला भांडले होते, कुणास ठाऊक.

मामा फक्त सणावाराच्या रेकॉर्डी ठेवत. गणपतीच्या आरत्या, मंगळागौरीची गाणी, गोकुळाष्टमीच्या गौळणी, दिवाळीच्या भूपाळ्या, होळीच्या ब्रजातल्या होऱ्या, मोहरमचे शोकाचे मरसिये. बाकीची गाणी कुणी आणली तर म्हणत, रोजच्या गाण्यांना रोजचे दुकानदार आहेत न. सणाची रेकॉर्ड वर्षातून एकदा निघते, सगळं घर जमून ऐकतं, म्हणून ती अडकली तर घराला वर्षभर रुखरुख लागते, असं त्यांचं म्हणणं. मला हे तेव्हा फार वाटलं. नंतर आमच्याच घरी गणपतीच्या आरतीत रेकॉर्ड अडकली आणि सासूबाई कार्तिकापर्यंत ‘या वर्षी जरा जपूनच’ म्हणत राहिल्या, तेव्हा पटलं.

त्यांचे दर्जे चार. पूजेची, पंगतीची, पानसुपारीची आणि पोरांची. पूजेची म्हणजे जिच्यात खरखर नाही, देवापुढे सगळे गप्प बसलेले असताना लावावी अशी. पंगतीची म्हणजे थोडी खरखर आहे, पण पानांवर बसलेल्या माणसांना वाढपाच्या गडबडीत ऐकू येणार नाही. पानसुपारीची म्हणजे पाहुणे बोलत असताना मागे चालू राहायला ठीक. आणि पोरांची म्हणजे मुलांनी चावी द्यायला शिकायचं तर हिच्यावर शिकावं. प्रत्येकीच्या पाकिटावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं असे: ‘उलट बाजू, तिसरे कडवे, टिचकी दोन.’ गिऱ्हाइकानं विचारण्याआधी ते दोष वाचून दाखवत. असा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही. माल हातात धरून त्याची बदनामी करायची आणि मग विकायचा!

एकदा मी सहज म्हटलं, मामा, एवढं ऐकत बसण्यापेक्षा अ, ब, क लिहा न सरळ, आमच्या शाळेत लिहितो तसं. त्यांचा हात थांबला. म्हणाले, “क मला लागलाय, बाई. ते अक्षर मी दुसऱ्या कुणाला लावत नाही.”

मग काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं. एकदाच. पुन्हा कधी त्यांच्या तोंडून ते निघालं नाही.

भोईटे शिंदे की छावनीतले, जुन्या फौजी वस्तीतले. घराणं दख्खनहून फौजेबरोबर आलेलं, पणज्यापासून सगळे शिपाई. मामा मात्र फौजेच्या बँडात. क्लॅरिनेट वाजवत, एकोणीस वर्षं. दसऱ्याची स्वारी निघे तेव्हा पहिल्या रांगेत उजव्या हाताला मामा. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, आणि फौजेची छाननी करायला बाहेरून साहेब लोक आले. कोण नव्या फौजेत जाणार, कोण पोलिसात, कोण घरी. एका मोठ्या तंबूत रांग लागली. मामांची पाळी आली तेव्हा त्यांना वय विचारलं, उंची मोजली, छाती फुगवायला लावली, जीभ बघितली आणि कागदावर ‘क’ लिहिलं. क म्हणजे घरी.

“वाजवायला सांगितलंच नाही, बाई,” मामा म्हणाले. “मी वाद्य पुसून, तोंडाकडची वेताची पत्ती भिजवून नेलं होतं. कुणी म्हटलंच नाही, वाजवून दाखव. बँडवाल्याची जीभ बघितली त्यांनी.”

वाद्य सरकारी होतं. ते त्याच संध्याकाळी जमा झालं.

तेव्हापासून मामांचा एक अर्ज चालू होता. नोकरी द्या, असं त्यात नव्हतं. आमचे ‘हे’ सचिवालयात एका खात्यात कारकून. मामांचं मोडी वळणाचं अक्षर साहेबांना कळेना, म्हणून माझ्या सांगण्यावरून यांनी तो अर्ज स्वच्छ लिहून दिला. त्यातलं मुख्य वाक्य मला पाठ आहे: ‘माझे वाजवणे एकदा पूर्ण ऐकावे आणि मग जो निकाल द्यावयाचा तो द्यावा.’ यांनी विचारलं, पगाराचं, पेन्शनीचं काही लिहू का? मामा म्हणाले, ते नंतर. आधी ऐकू द्या. मामींची तब्येत तेव्हाही बरी नव्हती, घरात दोन मुली, आणि या माणसाला पेन्शन नंतर! यांनी घरी येऊन कपाळाला हात लावला.

या रेकॉर्डी मामांकडे येत कुठून? तर राजधानीच्या कृपेनं. ग्वाल्हेर आणि इंदूर, दोघींनाही मध्यभारताची राजधानी व्हायचं होतं. दोन सवतींनी नवरा वाटून घ्यावा तशी मग तडजोड झाली: अर्धं वर्ष सरकार इकडे, अर्धं वर्ष तिकडे. उन्हाळा आला की फायली, टेबलं, कारकून, त्यांची बायकापोरं सगळी इंदूरला. हेही जात, मी शाळेपायी इथेच. थंडीच्या तोंडाला परत. लाखेच्या रेकॉर्डी त्या ट्रंकांमधून दोन वेळा गेल्या की तिसऱ्या वेळी तुकडे निघत. म्हणून माणसं जाताना मामांकडे विकून जात आणि परतल्यावर, आपलीच नाही तर दुसऱ्याची, विकत घेत. खासगी बाजारात राजधानी हलल्याची पहिली खबर मामांच्या दुकानातल्या गर्दीवरून कळायची.

त्या गर्दीतच मी त्यांचं एक वेगळंच रूप पाहिलं. जयेंद्रगंजातले एक गृहस्थ, मोठ्या हुद्द्याचे, भाऊबिजेच्या गाण्याची रेकॉर्ड घेऊन आले होते. घर बंद करत होते, सगळंच विकायला काढलेलं. मामांनी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली, बोट न लावता नुसती पाहिली. मग लावली. पहिलं कडवं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसरं आलं आणि एकदम खरखर सुरू, जणू कुणी वाळूवरून चालतंय. चौथं पुन्हा स्वच्छ. मामांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मग रेकॉर्ड पाकिटात घालून त्या गृहस्थांच्या हातात परत दिली.

ते चिडले. म्हणाले, अहो, तीन कडवी तर नव्यासारखी आहेत. मामा म्हणाले, तेच तर. सगळी रेकॉर्ड झिजली असती तर घेतली असती. तुमच्या घरात कुणीतरी सुई उचलून उचलून हेच एक कडवं ऐकतंय, खूप वर्षं. त्यांना विचारून या न, साहेब. गृहस्थ उसळून म्हणाले, घरात मी आणि आई. आई बहिरी आहे, ती कसली ऐकते? मामा शांतपणे म्हणाले, आता बहिऱ्या असतील. आधी नव्हत्या न.

गृहस्थ गेले. तासाभरानं त्यांचा गडी आला, ‘साहेब म्हणाले, ती रेकॉर्ड विकायची नाही’ एवढंच सांगून गेला. त्या आईचा कोण भाऊ, कुठे गेला, ते आम्हाला कधीच कळलं नाही. मामांनी विचारलंही नाही. एवढंसं काळं वर्तुळ, आणि या माणसानं त्यात एका म्हातारीची वीस वर्षं वाचली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी भांडताना जरा आवाज कमी केला.

सगळीच माणसं अशी समजून घेणारी नव्हती. एक बडे बाबू दरवर्षी आपली लक्ष्मीपूजनाची रेकॉर्ड विकून जात आणि परतल्यावर तीच घेत. एका वर्षी मामांनी ती पूजेच्या खणातून काढून पंगतीच्या खणात ठेवली. बाबूंनी आरडाओरडा केला, माझी पूजेची रेकॉर्ड पंगतीची कशी? मामा म्हणाले, तुमच्याकडे आल्यावर सुई बदलली गेली नाही. बाबू म्हणाले, मी कोण आहे माहीत आहे न? मामांनी पुन्हा रेकॉर्ड लावली आणि बोटानं ऐका म्हणून खूण केली. बाबूंना ऐकावं लागलं. खरखर आली तेव्हा त्यांनी आपली टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पंगतीची म्हणूनच ती घरी नेली.

इकडे अर्ज फिरतच होता. फाईल इंदूरला गेली की साहेब ग्वाल्हेरला, साहेब इंदूरला गेले की फाईल इथल्या कपाटात. चौथ्या वर्षी एकदाचं उत्तर आलं. मामा ते घेऊन आमच्या घरी आले, कारण सरकारी मराठी-हिंदी खिचडी त्यांना नीट लागेना. यांनी वाचलं आणि वाचता वाचता यांचा चेहरा पडला. कुणा शहाण्यानं मामांचा अर्ज ‘बँड’ हा शब्द बघून वाद्यांच्या यादीला टाचला होता. उत्तरात लिहिलं होतं की, सदर क्लॅरिनेट लिलावात विकले गेले असल्याने परत करता येत नाही, आणि त्याच्या स्थितीबद्दल खाते जबाबदार नाही.

मी खिन्न. यांना तर बोलता येईना, कारण खातं यांच्याच शेजारचं. मामांनी कागद परत घेतला, सरळ घडी केली आणि म्हणाले, “चला, वाद्याची तरी चौकशी झाली.” मला हसू आलं आणि त्याच वेळी इतकी लाज वाटली की मी चहा करायला उठले. यांनी त्याच रात्री बसून नवा अर्ज लिहिला, आणि वर लाल शाईत ‘हा माणूस आहे’ असं लिहायचं होतं म्हणाले, लिहिलं नाही.

ते क्लॅरिनेट कुठे होतं ते सगळ्या छावनीला माहीत होतं. तिथल्याच एका लग्नाच्या बँडवाल्यानं लिलावात घेतलेलं. भला माणूस. दर महिन्याला मामांना म्हणायचा, उस्ताद, वाद्य तुमचं आहे, येऊन वाजवत जा, हात राहील. मामा कधी गेले नाहीत. सरकारनं वाजव म्हटल्यावर वाजवीन, तोवर तोंडाला लावणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलेलं. मी किती सांगितलं! म्हटलं, मामा, हा कसला मानीपणा, वाजवलं नाही तर दाखवणार काय? ते हसून दुसरी रेकॉर्ड लावत. जगातल्या सगळ्या वस्तू वापरानं झिजतात हे त्यांना ठाऊक. न वापरूनही काही गोष्टी जातात, हे त्यांच्यासारख्याला कळू नये? ती एक चूक मी त्यांना आजही माफ केलेली नाही.

त्या छाननीला आठ वर्षं झाली. मग पुन्हा राज्यांची मोडतोड झाली, मध्यभारत संपून मध्यप्रदेश व्हायचं ठरलं आणि राजधानी भोपाळला. या वेळी अर्धं वर्ष वगैरे नाही, कायमचं. ग्वाल्हेरवर अशी अवकळा आली की विचारू नका. घराघरांतून ट्रंका बाहेर. मामांच्या दुकानात तर रेकॉर्डींची थप्पी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेली. जाण्याआधी जुने अर्ज निकालात काढा असा वरून हुकूम आला, आणि त्यात मामांना पत्र आलं: अमुक दिवशी वादनासाठी हजर व्हावे.

दिवस दिवाळीच्या तोंडावरचा. मामांनी दुकानाला कुलूप लावलं, ऐन धंद्याच्या पंधरवड्यात, आणि बँडवाल्याकडे जाऊन वाद्य हातात घेतलं. वरचे दोन दात एव्हाना गेलेले. ओठ सैल पडलेले. पंधरा दिवस छावनीतल्या लोकांनी जे ऐकलं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

सचिवालयातली टेबलं-खुर्च्या बांधून झालेल्या, म्हणून यांनी हेडबाईंना विनंती केली आणि सुनावणी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये ठेवली. सुट्टी होती. किल्ल्या माझ्याकडे, म्हणून मी हजर. नाहीतरी गेलेच असते. साहेब उत्तरेकडचे, तरुण, थकलेले. मुलींच्या बाकावर गुडघे वाकडे करून बसले होते, समोर सह्यांच्या कागदांचा ढीग. यांनी फाईल पुढे सरकवली. साहेबांनी न बघता म्हटलं, “चलिए, शुरू कीजिए।” आणि दुसऱ्या कागदांवर सह्या करू लागले.

मामा दसऱ्याच्या स्वारीतली चाल वाजवणार होते. खाकी कोट, सगळी बटणं लावलेली. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

मला गाण्यातलं फार कळतं असं नाही. पण पहिल्याच ओळीत मला कळलं की हा माणूस एके काळी काय होता. खालचे सूर असे आले की हॉलच्या त्या फुटक्या खिडक्या, ते शाईचे डाग पडलेले बाक, सगळं उभं राहून ऐकतंय असं वाटलं. मग चाल वर चढली. वरच्या सुरावर हवा निसटली, फुस्स झालं, श्वास तुटला. मामा थांबले नाहीत. तुटलेला श्वास घेऊन त्यांनी ती ओळ पुरी केली, पुन्हा खाली आले, पुन्हा चढले, पुन्हा तुटले, आणि चाल जिथे संपायची तिथेच संपवली. साहेबांच्या हातात तेव्हा पेन नव्हतं. त्यांनी ते खाली ठेवलेलं मी पाहिलं होतं.

मग साहेब जरा हळू आवाजात म्हणाले की भोपाळला पोलिसांच्या बँडात शिकवणारा हवा आहे, मी ‘योग्य’ लिहितो. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवाला हात जोडले, खरंच जोडले.

मामा म्हणाले, “नहीं साहब। नीचे के सुर ठीक हैं। ऊपर साँस टूटती है, होंठ रहे नहीं। परेड में ये आदमी पीछे रह जाएगा। आप अयोग्य लिखिए।”

साहेबांनी विचारलं, “नौकरी नहीं चाहिए?”

“चाहिए थी, साहब।” मामांनी वाद्य काखेत धरलं. “आप बस इतना लिखिए कि सुनकर लिखा।”

साहेबांनी पेन घेतलं आणि लिहिलं. काय लिहिलं ते यांनी मला संध्याकाळी सांगितलं: ‘वादन पूर्ण सुना। अयोग्य।’ आठ वर्षांच्या फाईलचा निकाल चार शब्दांत. मामांनी सलाम केला, वळले आणि गेले.

मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत धावले. इतका संताप आला होता मला! म्हटलं, मामा, हातातोंडाशी आलेला घास, मामींचा विचार करायचा, मुलींचा करायचा, तो साहेब स्वतःहून देत होता! ते थांबले आणि म्हणाले की खोटा दर्जा लावून विकलेली रेकॉर्ड परत येते, बाई, आणि परत येते तेव्हा सणाचा दिवस असतो. मी म्हटलं, माणसं रेकॉर्डी नसतात. मी रागानं परत वळले, हॉलला कुलूप घातलं, आणि कुलूप घालता घालता मला कळलं की मी रागावले नव्हते. अशा माणसासमोर उभं राहायची आपली लायकी नाही असं काहीतरी मला वाटत होतं, आणि ते सोसत नव्हतं.

दिवाळी झाली आणि आम्ही भोपाळला निघालो. टांगा मुद्दाम खासगी बाजारातून नेला. दुकान उघडं होतं, गिऱ्हाइकं होती. मी हाक मारली, मामा, येते हो. ते फळीवरून उतरले, टांग्याच्या दांडीला हात लावून उभे राहिले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं, मामींच्या औषधाचं, भोपाळच्या पाण्याचं बोलणं झालं. यांनी घड्याळ पाहिलं, गाडीची वेळ होत आली होती. तरी मामा हात काढेनात.

“बाई, एक विचारू?” ते म्हणाले. “वाजवताना माझे डोळे मिटलेले असतात. साहेब ऐकत होते का?”

एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होते, असं म्हणणं किती सोपं होतं! ओठांवर आलंही. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून ते बोलवेना.

“सुरुवातीला नाही, मामा,” मी म्हटलं. “सह्या करत होते. मग मधे त्यांनी पेन खाली ठेवलं. ते शेवटपर्यंत उचललं नाही.”

“कुठे ठेवलं?”

ते वाट बघत राहिले. शेवटी मी सांगितलं, “तुमचा श्वास पहिल्यांदा तुटला न, तिथे.”

मामांनी मान थोडी कलती केली. मनातल्या मनात ती चाल पहिल्यापासून म्हणत असावेत, कारण जरा वेळ लागला. मग त्या जागेवर आले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा पुन्हा पाहिला नाही.

“तिथे ठेवलं?” ते म्हणाले. “मग ऐकलं त्यांनी.”

टांगा निघाला. मला रडू आवरेना, आणि हे म्हणत होते, अगं, लोक बघतायत. मी मागे वळून पाहिलं. गिऱ्हाइकं दुकानाशी ताटकळली होती आणि मामा भर बाजारात रस्त्याच्या मधोमध हात पाठीशी बांधून ताठ उभे होते, आणि सायकलवाले घंटी वाजवत त्यांना वळसा घालून जात होते.